नेटवर्क चिपची आवक बाजू

संगणकाला जाळ्याच्या तारेशी जोडणारी चिप म्हणजे नेटवर्क कंट्रोलर. तिच्याकडे दोन कामे असतात: फ्रेम, म्हणजे मजकुराचा एकेक गठ्ठा, पाठवणे आणि आलेली फ्रेम घेणे. वरवर पाहता दुसरे काम पहिल्याचेच उलटे रूप वाटते, पण ते तसे नाही. पाठवताना वेळ संगणकाच्या हातात असतो. मजकूर मेमरीत तयार असतो, त्याची लांबी ठाऊक असते, आणि प्रोसेसर दुसरीकडे गुंतला म्हणून फ्रेम जरा उशिरा गेली तरी बिघडत नाही. आवकीत यातले काहीच नसते. फ्रेम केव्हा येणार, किती लांब असणार, तिच्या पाठीला लागून आणखी किती येणार, हे घेणाऱ्याला आधी कळत नाही. आणि आलेला बिट तारेवर ताटकळत राहू शकत नाही. म्हणून फ्रेम येण्याआधीच तिच्यासाठी जागा मोकळी असावी लागते, आणि ती जागा या क्षणी चिपच्या ताब्यात आहे की तिला चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, याबद्दल दोघांत कधीही गोंधळ होता कामा नये. आवक बाजूची बहुतेक रचना या दोन गरजांतून आली आहे.

इंटेलची ८२५४०ईएम ही गिगाबिट चिप या कामाचा चांगला नमुना आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती डेस्कटॉप संगणकांत आणि ‘प्रो/१००० एमटी’ नावाच्या कार्डांवर असे. आज प्रत्यक्ष चिप क्वचितच हाती लागते, पण व्हर्च्युअलबॉक्स आणि क्यूईएमयू हे प्रोग्राम आभासी संगणकाला जे कार्ड देतात ते अनेकदा तिचीच नक्कल असते. एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना याच घराण्यातल्या चिपचा ड्रायव्हर लिहावा लागतो. इंटेलने तिची सविस्तर पुस्तिका सर्वांना खुली ठेवली, हे त्यामागचे एक मोठे कारण.

तारेवरून येणारा संकेत आधी चिपच्या भौतिक थराकडे, म्हणजे ‘फाय’कडे जातो. गिगाबिट इथरनेटमध्ये तांब्याच्या चारही जोड्यांवर एकाच वेळी पाच पातळ्यांचा विद्युत्‌संकेत दर सेकंदाला १२.५ कोटी वेळा बदलत असतो. त्यातून मूळ बिट वेगळे काढणे हे फायचे काम, आणि ते काम इतके गणिती आहे की त्यावर स्वतंत्र पुस्तके आहेत. पुढच्या भागाला मात्र फाय अगदी साधी गोष्ट देतो: आठ तारांवर एक बाइट, सोबत १२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि दोन खुणा. एक खूण सांगते की या क्षणीचा बाइट खरा आहे. दुसरी सांगते की संकेत वाचताना चूक आढळली. याला जीएमआयआय म्हणतात. १०० मेगाबिटच्या काळातला एमआयआय याचाच थोरला भाऊ: चार तारा आणि २५ मेगाहर्ट्झ. भौतिक थर वेगळ्या चिपमध्ये असो वा त्याच सिलिकॉनवर, ही हद्द बहुतेक सगळीकडे अशीच आखलेली असते.

यातला क्लॉक नीट पाहण्यासारखा आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीत तो घेणाऱ्याच्या स्वतःच्या स्फटिकातून येत नाही. फाय तो आलेल्या संकेतातूनच शोधून काढतो. म्हणजे आवक बाजू समोरच्या यंत्राच्या तालावर चालते. इथरनेटच्या मानकानुसार प्रत्येक स्फटिकाला दशलक्षात १०० भागांपर्यंत पुढेमागे होण्याची मुभा आहे. दोन टोकांचे स्फटिक उलट दिशांना पूर्ण सरकलेले असले, तरी १५१८ बाइटांच्या सर्वांत लांब साध्या फ्रेममध्ये जेमतेम अडीच बिटांचा फरक पडतो. हा फरक लहान असला तरी पुसता येत नाही, आणि मेमरीकडे नेणाऱ्या पीसीआय बसचा क्लॉक तर साफच वेगळा. म्हणून या दोन जगांच्या सीमेवर एक छोटी रांग, म्हणजे फिफो, ठेवलेली असते. तिच्यात एका बाजूने एका तालावर बाइट पडतात आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या तालावर उचलले जातात.

फ्रेमच्या आधी येणारे आठ बाइट निव्वळ ताल जुळवण्यासाठी असतात. पहिल्या सातांत एक-शून्य, एक-शून्य असा क्रम चालतो. आठव्याच्या शेवटी सलग दोन एक येतात आणि खरी फ्रेम तिथून सुरू झाल्याचे कळते. हे आठही बाइट चिप तिथेच टाकून देते. पुढच्या सहा बाइटांत गंतव्य पत्ता असतो. तो आपला आहे का, सर्वांसाठीचा आहे का, की एखाद्या गटाचा आहे, हे चिपला धावत्या प्रवाहात ठरवावे लागते. गटांच्या पत्त्यांसाठी ८२५४० मध्ये ४०९६ बिटांचा तक्ता आहे. पत्त्यातले ठरावीक बारा बिट घेऊन तक्त्यातल्या त्या जागी एक आहे का, एवढेच ती बघते. ही चाळण ढोबळ आहे. नको असलेला एखादा गट तीतून सुटतो आणि तो पुढे सॉफ्टवेअरला अडवावा लागतो. वायरशार्कसारखा प्रोग्राम चालू केला की ही चाळणच बंद केली जाते आणि तारेवरून आलेली प्रत्येक फ्रेम आत घेतली जाते.

पत्ता जुळत असताना दुसरीकडे तपासणीचा आकडा, म्हणजे सीआरसी, बाइटागणिक पुढे मोजला जात असतो. फ्रेमचे शेवटचे चार बाइट याच आकड्याचे असतात. अडचण अशी की शेवटचे चार कोणते हे फ्रेम संपल्याशिवाय कळत नाही. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या इथरनेट फ्रेममध्ये लांबी लिहिलेली नसते. त्या जागी आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे याचा क्रमांक असतो. ‘बाइट खरा आहे’ ही खूण खाली पडली की फ्रेम संपली, एवढीच चिपला मिळणारी सूचना. या एका गोष्टीचे परिणाम पुढे सगळीकडे दिसतात. जागा सर्वांत लांब फ्रेम गृहीत धरून राखावी लागते, आणि लांबी व निकाल यांची नोंद मजकुरानंतर, मागाहून करावी लागते.

नॅशनल सेमिकंडक्टरच्या डीपी८३९० या १९८० च्या दशकातल्या चिपने हा प्रश्न बराच सुबक सोडवला होता. नोव्हेलच्या एनई२००० कार्डावर आणि त्याच्या असंख्य नकलांवर हीच चिप किंवा तिची प्रत असे. कार्डावर १६ किलोबाइटांची स्वतःची मेमरी होती. तिचे २५६ बाइटांचे तुकडे, म्हणजे पाने, पाडलेले होते. साधारणपणे सहा पाने पाठवण्यासाठी ठेवून उरलेली ५८ आवकीसाठी गोलाकार जोडली जात. नवी फ्रेम येताच चिप चालू पानावरचे पहिले चार बाइट मोकळे सोडून पुढे लिहीत जाई. फ्रेम संपली की मागे येऊन त्या चार बाइटांत निकाल, पुढच्या फ्रेमचे पान आणि लांबी भरी. सीआरसी चुकला तर काही पुसण्याची गरजच नसे. चालू पानाचा आकडा पुढे सरकवायचा नाही, की पुढची फ्रेम त्याच जागी येऊन आधीचा कचरा झाकून टाकी.

या रचनेचे दुखणे दुसऱ्या टोकाला होते. कार्डावरच्या मेमरीतली फ्रेम संगणकाच्या मेमरीत आणायची, तर प्रोसेसरला एका पोर्टमधून दर खेपेला दोनच बाइट ओढावे लागत. तेवढा वेळ तो दुसरे काही करू शकत नसे. शिवाय पाने भरून गेली तर चिपला पुन्हा ताळ्यावर आणण्याचा विधी लांबलचक होता: ती थांबवायची, १.६ मिलिसेकंद वाट पाहायची, पाने रिकामी करायची आणि मग पुन्हा सुरू करायची. १० मेगाबिटच्या जाळ्यात हे खपून गेले.

एएमडीच्या लान्स या त्याच दशकातल्या चिपने वेगळी वाट धरली होती, आणि पुढच्या बहुतेक चिपांनी तीच उचलली. कार्डावर मोठी मेमरी ठेवायचीच नाही. फ्रेम थेट संगणकाच्या मुख्य मेमरीत लिहायची, प्रोसेसरला मध्ये न घालता. याला डीएमए म्हणतात. कुठे लिहायचे हे सांगणारी यादीसुद्धा मुख्य मेमरीतच ठेवायची. यादीतल्या प्रत्येक नोंदीला डिस्क्रिप्टर म्हणतात, आणि शेवटच्या नोंदीनंतर पुन्हा पहिली येते म्हणून सगळ्या यादीला रिंग. लान्सच्या प्रत्येक नोंदीत मालकीचा एक बिट होता. तो एक असेल तर नोंद चिपची, शून्य असेल तर ड्रायव्हरची.

८२५४० चा आवक डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा आहे. पहिल्या आठ बाइटांत रिकाम्या जागेचा, म्हणजे बफरचा, मेमरीतला पत्ता असतो. तो ड्रायव्हर भरतो. उरलेले आठ बाइट चिप भरते: आलेल्या मजकुराची लांबी, एक तपासणी बेरीज, स्थिती, चुका, आणि आभासी जाळ्याचा टॅग असेल तर तो. रिंगमधल्या बफरांचे काम रहाटगाडग्यासारखे चालते: एकीकडे गाडगी भरत असतात, दुसरीकडे रिकामी होत असतात, आणि रिकामी झालेली पुन्हा भरायला जातात. फरक एवढाच की इथे गाडगी जागची हलत नाहीत. त्यांच्यावरून दोन आकडे फिरत राहतात. ‘हेड’ म्हणजे चिप आता कोणत्या नोंदीत भरणार आहे तो क्रमांक, आणि ‘टेल’ म्हणजे ड्रायव्हरने जिथपर्यंत रिकामे बफर लावून ठेवले त्याची हद्द. हेड चिप पुढे सरकवते, टेल ड्रायव्हर. एकाच्या आकड्याला दुसरा हात लावत नाही, त्यामुळे कुलपाची गरज पडत नाही.

दोन्ही आकडे सारखे झाले, तर अर्थ काय घ्यायचा? सगळी रिंग चिपकडे आहे, की चिपकडे काहीच नाही? इंटेलने दुसरा अर्थ ठरवला. म्हणून २५६ नोंदींच्या रिंगमध्ये चिपला एका वेळी जास्तीत जास्त २५५ बफर देता येतात आणि एक नोंद कायम कोरी राहते. रिंग पूर्ण भरली की हेड आणि टेल पुन्हा एकमेकांवर येतील अशी चूक नवशिक्यांच्या ड्रायव्हरमध्ये हमखास सापडते, आणि तिचे लक्षण फसवे असते: काही बिघडल्याचा संदेश येत नाही, फक्त आवक थांबते.

आता फ्रेमचा शेवटचा टप्पा. चिपच्या पोटात ६४ किलोबाइटांची साठवण आहे आणि तिच्यातले ४८ किलोबाइट सहसा आवकीला दिलेले असतात. फ्रेम आधी तिथे जमते. मग चिप पीसीआय बस मागून घेते आणि मजकूर एकामागून एक सलग फेकीत मुख्य मेमरीत लिहिते. ३२ बिट रुंदीची, ३३ मेगाहर्ट्झवर चालणारी बस सेकंदाला १३३ मेगाबाइटच नेऊ शकते, आणि गिगाबिटची एकट्या आवकीची मागणी १२५ मेगाबाइटांची. त्यात ती बस डिस्कसारख्या इतर उपकरणांबरोबर वाटून घ्यायची. त्या काळातल्या घरगुती संगणकांवर ‘गिगाबिट’ कार्ड पूर्ण वेगाला का पोहोचत नसे, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. बसवरच्या फेऱ्या वाचवण्यासाठी चिप डिस्क्रिप्टरसुद्धा एकेक न आणता घोळक्याने आणून ठेवते.

मजकूर लिहून झाला की चिप डिस्क्रिप्टरमधली आपली बाजू भरते आणि स्थितीतला एक बिट चढवते: ‘काम झाले’. सगळी शिस्त या बिटावर उभी आहे. पीसीआयचा नियम असा की एका उपकरणाने मेमरीकडे पाठवलेले लेखन त्याच क्रमाने पोहोचते. मागचे पुढच्याला ओलांडून जात नाही. त्यामुळे तो बिट मेमरीत दिसला, तर मजकूर त्याच्या आधी पोहोचलेला असणारच. हेडचा आकडा वाचून मात्र अशी खात्री धरता येत नाही, कारण आकडा पुढे गेलेला असतो तेव्हा शेवटचे काही बाइट अजून वाटेत असू शकतात. शिवाय चिपचे रजिस्टर वाचणे म्हणजे प्रोसेसरने बस ओलांडून उत्तराची वाट पाहणे. मेमरीतला बिट वाचणे त्याच्या मानाने फारच स्वस्त. ड्रायव्हर म्हणून चिपला काही विचारतच नाही, फक्त मेमरीत बघतो. काही प्रोसेसर मात्र वाचनाचा क्रम आपणहून बदलतात. तिथे आधी बिट आणि मगच लांबी वाचली जाईल अशी आडकाठी ड्रायव्हरला मुद्दाम घालावी लागते. ती विसरली तर आठवड्यातून एखाद्या वेळी जुनीच लांबी वाचली जाते, आणि असा दोष शोधून काढणे हे महाकष्टाचे काम.

फ्रेम आल्याचे प्रोसेसरला कळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे इंटरप्ट: हातातले काम थांबव आणि इकडे बघ. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची असते. ताल जुळवण्याचे आठ बाइट आणि दोन फ्रेममधले बारा बाइटांचे सक्तीचे अंतर धरले तर ती तारेवर ८४ बाइटांची जागा घेते. गिगाबिट वेगाला अशा सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येऊ शकतात, म्हणजे दर ६७२ नॅनोसेकंदांना एक. प्रत्येकीसाठी इंटरप्ट दिला तर प्रोसेसर दाराशी ये-जा करण्यातच संपेल. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या निबंधात ही अवस्था नीट दाखवली होती: आवक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रणाली फक्त इंटरप्ट झेलत बसते आणि एकही पॅकेट, म्हणजे फ्रेममधला मजकूर, शेवटपर्यंत पोहोचत नाही. वेग वाढवत नेला तर उपयुक्त काम शून्याकडे घसरते.

यावर दोन्ही बाजूंनी उपाय झाले. चिपमध्ये वेळमापके आली. पहिली फ्रेम आल्यावर थोडे थांबायचे, आणखी काही आल्या तर सगळ्यांसाठी मिळून एकच इंटरप्ट द्यायचा. ८२५४० मध्ये हा विलंब १.०२४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत ठरवता येतो. तो जास्त ठेवला तर प्रोसेसरला उसंत मिळते, पण एकट्यादुकट्या पॅकेटला उगाच खोळंबावे लागते. त्यामुळे सर्वांना मानवेल असा एकच आकडा नाही. लिनक्सने २००१ च्या सुमारास याहून चांगली तोड काढली. तिला एनएपीआय म्हणतात. पहिला इंटरप्ट आला की ड्रायव्हर पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि रिंगमधल्या नोंदी एकामागून एक बघत जातो, एका खेपेला साधारण ६४. रिंग रिकामी झाली तरच इंटरप्ट पुन्हा चालू. गर्दी जितकी जास्त तितके व्यत्यय कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

भरलेला बफर वर पाठवताना ड्रायव्हर त्याच्या जागी नवा रिकामा बफर लावतो. बफर सहसा २०४८ बाइटांचा असतो, आणि त्यात ६४ बाइटांचे पॅकेट आले तर उरलेली जागा वाया जाते. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर २५६ बाइटांपर्यंतचा मजकूर दुसऱ्या लहान जागेत नकलून घेतो आणि मोठा बफर लगेच पुन्हा रिंगला देतो. लहान मजकूर नकलणे हे मोठा बफर अडकवून ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते. टेलचा आकडाही दर बफरमागे न हलवता सोळा-सोळाच्या हिशेबाने पुढे नेला जातो, कारण तो हलवणे म्हणजे बसवर एक फेरी.

रिंग संपली तर काय होते, याचे गणित थोडे अनपेक्षित आहे. रिंग बाइट मोजत नाही, फ्रेम मोजते. २५५ बफर सर्वांत लांब फ्रेमांनी भरायला गिगाबिटवर तीन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. सर्वांत लहान फ्रेमांनी भरायला फक्त १७१ मायक्रोसेकंद. संगणकाला बेजार करायचे असेल तर लहान पॅकेटांचा मारा का केला जातो, ते यावरून उमगते. रिंग संपल्यावरही चिपच्या पोटातले ४८ किलोबाइट शिल्लक असतात. ते भरायला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. त्या अवधीत ड्रायव्हरने टेल पुढे नेला नाही तर येणारी फ्रेम गळते. चिप फक्त एक मोजणी वाढवते. समोरच्या यंत्राला ‘जरा थांब’ असे सांगणारी पॉज फ्रेमही मानकात आहे, आणि साठवण ठरावीक पातळीच्या वर गेली की चिप ती आपणहून पाठवू शकते. पण त्यामुळे त्या तारेवरचे सगळेच बोलणे थांबते, म्हणून बरेच जाळेचालक ती बंद ठेवतात. गळालेले पॅकेट पुन्हा मागवणे टीसीपीवर सोपवलेले असते.

१० गिगाबिटच्या तारेवर लहान फ्रेम दर ६७.२ नॅनोसेकंदांना येऊ शकते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात जेमतेम २०० चक्रे मिळतात. मुख्य मेमरीत एकदा जाऊन येण्यातच त्यांतली बरीचशी खर्च होतात. एका रिंगने आणि एका प्रोसेसरने हे निभत नाही. इंटेलच्या ८२५९९ या चिपमध्ये आवकीच्या १२८ रांगा आहेत. चिप पॅकेटातले पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवरून एक आकडा काढते आणि त्यावरून रांग निवडते. त्यामुळे एका संभाषणाची सगळी पॅकेटे एकाच रांगेत, एकाच प्रोसेसरकडे जातात आणि त्यांचा क्रम मोडत नाही. २०१२ पासूनच्या झिऑन ई५ प्रोसेसरांत चिपने लिहिलेला मजकूर मुख्य मेमरीपर्यंत न जाता थेट प्रोसेसरच्या कॅशमध्ये उतरू लागला. डीपीडीकेसारख्या सॉफ्टवेअर संचांनी तर इंटरप्ट पूर्ण सोडून दिले. एक अख्खा प्रोसेसर ‘काम झाले’ हा बिट अहोरात्र बघत बसतो. वीज जास्त लागते, पण पॅकेट आल्यावर जाग येण्याचा वेळ वाचतो.

आभासी संगणकांत चिप नसतेच, पण तिची नक्कल करणे महाग पडते, कारण टेलच्या प्रत्येक हालचालीला यजमान प्रोग्रामला जागे व्हावे लागते. २००८ मध्ये रस्टी रसेल यांनी मांडलेल्या व्हर्टआयओने रजिस्टरांची नक्कल बाजूला ठेवली आणि रिंग तेवढी राखली. तीत बफरांचे पत्ते एका तक्त्यात असतात, आणि दोन वेगळ्या गोल याद्या: ‘हे बफर घ्या’ असे पाहुणा, म्हणजे आभासी संगणक, जिच्यात लिहितो ती एक, आणि ‘हे भरले’ असे यजमान जिच्यात लिहितो ती दुसरी. प्रत्येक यादीत लिहिणारा एकच, वाचणारा एकच. आज भाड्याने घेतलेल्या बऱ्याच क्लाउड सर्व्हरांवर पॅकेटे याच मार्गाने आत येतात.